देवाच्या आज्ञा पाळायच्यात, पण तोंड पाडून कशाला? नव्या विश्वासणाऱ्यांसाठी पायरी पायरीनं

कोल्हापुरात चर्चला नवीन यायला लागलेली पोरं, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या मुली, नाहीतर संडे स्कूलपासून चर्चमध्येच वाढलेले पण आता कुठं मनावर घेतलेले लोक, सगळ्यांचा दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न ठरलेला असतोय. प्रभूवर विश्वास ठेवला, प्रार्थनेत बरं वाटतंय, गाणी आवडतात, सगळं ठीक, पण ह्या आज्ञांचं काय करायचं, खोटं नको, शिवी नको, राग नको, दुसऱ्याच्या वस्तूकडं बघायचं नाही, आणि वर पुन्हा हे सगळं आनंदानं करायचं म्हणे. लोकांना हे खरंच जमतंय का नुसतंच उपासनेत म्हणायचं असतंय?

जमतंय. पण रेटून आणलेला आनंद चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी माणूस घरच्यांवर डाफरायला लागतो, म्हणून खाली पायऱ्या लिहिल्यात. काही एका सकाळीत होतील, एखादीला वर्ष लागेल, त्यामुळे सगळं ह्या आठवड्यात उरकायच्या मागं लागू नका.

पहिली पायरी: आधी क्रम लावून घ्या

सगळा घोळ इथंच होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

दहा आज्ञा निर्गमच्या २० व्या अध्यायात आहेत हे बहुतेकांना माहीत असतंय, पण आपण वाचायला सुरुवात करतो ती तिसऱ्या ओवीपासून, "माझ्याशिवाय दुसरे देव नकोत" इथून. दुसरी ओवी सुटते. त्या दुसऱ्या ओवीत देव आधी स्वतःची ओळख देतोय, की मी तुझा देव, तुला मिसर देशातल्या गुलामीतून मीच बाहेर काढलंय. म्हणजे सीनाय डोंगरापाशी पोचेपर्यंत इस्राएल लोक सुटलेले होते, समुद्र ओलांडून झाला होता, मान्ना, म्हणजे देवानं रानात दिलेलं अन्न, खाऊन झाला होता, आणि मग आज्ञा आल्या. "हे पाळा मग सोडवतो" असा व्यवहार तिथं कुठंच नाही.

नव्या करारात तीच गोष्ट. इफिसकरांस पत्रात २ ऱ्या अध्यायात ८ आणि ९ ओवी म्हणतात तारण कृपेनं झालंय, कुणाच्या कर्तबगारीनं नाही, आणि लगेच १० वी ओवी म्हणते की चांगली कामं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय. आधी ८, मग १०. आपण उलटं करतो, १० वरून ८ ला चढायला बघतो, आणि दमतो.

जुन्या लोकांना हे चांगलं कळलेलं होतं. १५६३ साली जर्मनीत हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली तयार झाली, १२९ प्रश्न, तीन भाग, पहिल्यात माणसाची दुर्दशा, दुसऱ्यात सुटका, तिसऱ्यात कृतज्ञता. दहा आज्ञांचं सविस्तर शिक्षण तिसऱ्या भागात घातलंय, उपकाराच्या खात्यात. आपल्या कोल्हापुरात १८५२ ला रॉयल वाइल्डर आले आणि मिशनचं काम सुरू झालं, पुढं ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, त्या प्रेस्बिटेरियन लोकांची १६४७ ची छोटी प्रश्नोत्तरावली आहे, तिच्यात पहिलाच प्रश्न माणसाचा मुख्य हेतू काय, आणि उत्तर असं की देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद करणं. आज्ञांचा विषय त्यात पार ४१ व्या प्रश्नापासून चालू होतो. आनंद पहिल्या प्रश्नात आणि आज्ञा चाळीस प्रश्नांनंतर, हे बघितल्यावर तरी आपलं धोरण बदलायला पाहिजे.

आता ह्याचं करायचं काय? सकाळी उठल्यावर "आज मी हे करणार नाही ते करणार नाही" अशी यादी म्हणायच्या आधी दोन मिनिटं फक्त त्यानं काय केलंय ते मोठ्यानं म्हणा. मोठ्यानंच, मनात म्हटलं की लक्ष मोबाईलकडं जातंय. "प्रभू, तू मला माफ केलंस, माझ्यासाठी मेलास, उठलास, मी तुझा आहे." एवढं झालं की मग दिवसातल्या आज्ञेकडं या. ज्या दिवशी हे राहून जाईल त्या दिवशी तुम्ही आज्ञा पाळाल कदाचित, पण लूकच्या १५ व्या अध्यायातल्या थोरल्या मुलासारखं, जो बापाला म्हणतो इतकी वर्षं राबतोय आणि मला एक करडू दिलं नाहीस. घरात राहून, सगळं ऐकून, तोंड पाडलेला माणूस. अशी थोरली मुलं आपल्या चर्चमध्ये बऱ्यापैकी आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर सापडतील.

दुसरी पायरी: देवाची आज्ञा कोणती आणि माणसांची कोणती ते निवडून घ्या

नवीन माणसाला पहिल्या महिन्यात पन्नास लोक पन्नास गोष्टी सांगतात. टिकली नको, अमक्या रंगाची साडी नको, सिनेमा नको, हे खाऊ नको. सगळं देवाच्या नावावर. ह्यातलं निम्मं ओझं देवानं टाकलेलंच नसतंय.

येशूला विचारलं तेव्हा त्यानं सगळं नियमशास्त्र दोन आज्ञांवर टांगलं, देवावर पूर्ण मनानं प्रीती आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती (मत्तय २२). कुणी काही नवीन सांगितलं की विचारा, हे पवित्र शास्त्रात कुठं आहे, आणि ह्या दोनपैकी कुठल्या खुंटीला टांगायचं? मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियमांबाबत काटेकोर असलेल्या यहूदी लोकांना, हेच सुनावतो की तुम्ही तुमच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा बाजूला सारता. बिरुयातल्या लोकांनी तर खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं शास्त्रात तपासून बघितलं आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय (प्रेषितांची कृत्ये १७). त्यामुळं पास्टरना विचारायला लाजू नका, चांगल्या पास्टरला राग येत नाही.

खाण्याचा प्रश्न तर हमखास येतो. जुन्या करारातले खाण्यापिण्याचे नियम आपल्यावर लागू नाहीत, मार्क ७ मध्येच ते स्पष्ट आहे, तेव्हा तांबडा-पांढरा निर्धास्त चालू दे. शेजारच्या काकू प्रसाद घेऊन आल्या तर काय करायचं ह्यावर प्रत्येक मंडळीचं मत वेगळं असतंय, १ करिंथकरांस ८ आणि १० हे दोन अध्याय वाचून आपल्या पाळकांशी बोला. पण काहीही ठरवा, वाटी आणलेल्या माणसाचा अपमान करून देवाचं गौरव होत नाही एवढं नक्की. आणि "आईबापाचा मान राख" ही आज्ञा आईबाप चर्चला येत नसले तरी जशीच्या तशी लागू आहे. घरातले तुमच्या विश्वासाबद्दल नाराज असतील तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या गोळ्या वेळेवर आणून द्या.

आणखी एक, हे जरा ठामपणे सांगतो. घरात मारहाण होत असेल आणि कुणी "देवाची आज्ञा आहे, सहन कर, नवऱ्याच्या अधीन राहा" असं सांगत असेल तर ते ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांकडं जा.

तिसरी पायरी: बावीस दिवस ११९ वं स्तोत्र

पवित्र शास्त्रातला सगळ्यात लांब अध्याय, १७६ ओव्या, आणि जवळपास प्रत्येक ओवीत देवाचं वचन, नियम, आज्ञा ह्यांचाच विषय. ऐकून जांभई येईल, पण रचना बघा: २२ कडवी, प्रत्येकात ८ ओव्या, कारण हिब्रूत २२ अक्षरं आहेत आणि प्रत्येक कडव्यातल्या आठही ओव्या त्याच अक्षरानं सुरू होतात. रोज एक कडवं, चहा गार व्हायच्या आत वाचून होतंय.

हातात पेन्सिल ठेवा आणि आनंद, हर्ष, प्रिय असे शब्द आले की खाली रेघ मारा. दहा-बारा दिवसांत लक्षात येईल की हा माणूस काही सुखात बसून लिहीत नाहीये. ९२ व्या ओवीत तो म्हणतो तुझ्या नियमशास्त्रात आनंद नसता तर मी दुःखातच संपलो असतो. १४३ व्या ओवीत संकट आणि क्लेश आलेत तरी तुझ्या आज्ञा मला आनंद देतात असं म्हणतो. म्हणजे त्रास आणि आनंद एकाच ओवीत, शेजारी शेजारी. आपल्याला वाटतं आधी टेन्शन जाईल मग आनंद येईल, स्तोत्रकर्ता काही तशी वाट बघत बसलेला दिसत नाही.

कुठलं भाषांतर घ्यायचं हे विचारतात लोक. बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र घरोघरी असतंय, भाषा थोडी जुनी आहे पण कानात बसते. जड वाटलं तर फोनवर यूव्हर्जन ॲपमध्ये सोप्या मराठीतलं पण मिळतं. पंडिता रमाबाईंनी तर साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या १९२२ ला गेल्या आणि ते १९२४ ला छापून आलं. एवढ्या कष्टानं कुणीतरी आपल्या भाषेत आणून ठेवलंय, तर दिवसाला आठ ओव्या होतील की आपल्याच्यानं.

चौथी पायरी: एकच आज्ञा, आणि तिला जागा-वेळ लावा

"मी आता प्रामाणिक राहणार" हा संकल्प निरुपयोगी आहे, कारण प्रामाणिकपणा करायचा कुठं हे ठरलेलंच नाही. आज्ञा एक घ्या आणि ती तुमच्या कामाच्या टेबलावर आणून ठेवा.

समजा तुम्ही गावातल्या दूध संस्थेत ऑपरेटर आहात. पहाटे दारात किटल्यांची रांग, माप ओतायचं, सॅम्पल मशीनला लावायचं, फॅट आणि एसएनएफचा (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आकडा आला की पावती. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पायाचा आकडा, त्याच्या वर गेलं की दर वाढतो, खाली आलं की कापला जातो. आता लाईट गेली, पावती हातानं लिहायची वेळ आली आणि समोर तुमचे सख्खे चुलते उभे, आकडा होता ५.८. ते काही बोलत नाहीत, नुसतं तुमच्या पेनकडं बघतात. ६.१ लिहिलं तर कुणाला कळतंय?

लेवीय १९, ओवी ३५ आणि ३६: वजनमापात अन्याय करू नका, तराजू खरे, वजनं खरी. आणि ३६ व्या ओवीचं शेवटचं वाक्य काय असावं? मी तुम्हाला मिसर देशातून बाहेर काढलेला तुमचा देव. तराजूच्या नियमालासुद्धा तीच जुनी ओळख जोडलेली, पहिल्या पायरीतली. म्हणून तर म्हटलं क्रम लावून घ्या.

मग ह्या आठवड्याची आज्ञा ठरली: मशीनवर आला तोच आकडा पावतीवर, लाईट असो नसो, माणूस कोण का असेना. एवढीच. बाकीच्या आज्ञा सोडून द्या असं कोण म्हणत नाही, पण लक्ष एकीवर.

पहिले चार-पाच दिवस आनंद बिनंद काही वाटणार नाही हे आधीच सांगतो. चुलते फुगून बसतील, दहा दिवसांचं बिल निघालं की घरी येऊन बोलतील पण. हळूहळू एक गोष्ट लक्षात येईल, ती म्हणजे डोक्यातली वही बंद झाली. कुणाला किती वाढवून दिला, कुणाला दिला नाही, कोण कुणाला सांगेल, हा हिशोब ठेवावा लागत नाही. सॅम्पल परत तपासायला दूध संघाचा माणूस आला तर पोटात गोळा येत नाही, "बसा साहेब, चहा घ्या" असं सरळ म्हणता येतं. १ योहान ५:३ मध्ये लिहिलंय त्याच्या आज्ञा भारी नाहीत, ते असं कामात उतरल्यावर कळतंय, बसून विचार करून नाही कळत.

तुमचं काम वेगळं असेल तर आज्ञा त्या जागी न्या. उद्यमनगरात वर्कशॉप असेल तर कच्चं बिल-पक्कं बिल. गुजरीत सोनारकाम करत असाल तर घट आणि मजुरी आधीच खरी सांगणं. कॉलेजात असाल तर सबमिशन दुसऱ्याचं उतरवणं. घरी असाल तर सासूबद्दल फोनवर बहिणीशी काय बोलता ते. एक आठवडा, एक जागा.

आणि कृपा करून हे स्टेटसला टाकू नका. सकाळी सहाला वचन स्टेटसला आणि साडेसहाला भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत असले नमुने आपण सगळेच ओळखतो. मत्तय ६ मध्ये येशूनं दानधर्म आणि प्रार्थना गुप्तपणे करायला सांगितलीय, ती आज्ञापालनाला पण लावा. दोघांमधली गोष्ट दोघांमध्येच राहिली की तिची गोडी वेगळीच असते राव.

पाचवी पायरी: ज्या आज्ञेकडं जायचं टाळताय ती

प्रत्येकाची एक असते. आपल्या जिल्ह्यात बऱ्याचदा ती शेताच्या बांधावर असते.

बांध कोरणं म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. दरवर्षी नांगरट करताना नांगराचं एक तास (चर) पलीकडं, कुणी बघितलं नाही तर अजून एक, दहा वर्षांत बांध चालत चालत चुलतभावाच्या उसात. पवित्र शास्त्रात ह्याच्यावर चक्क आज्ञा आहे, अनुवाद १९:१४, शेजाऱ्याची मेर सरकवू नको. नीतिसूत्रे २२:२८ मध्ये परत तेच. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना पण भावकी होतीच की.

ह्याच्याच जोडीला दुसरं प्रकरण, बहिणीचं हक्कसोड पत्र. बापाच्या माघारी बहिणीला बोलावून घ्यायचं, जेवायला घालायचं, साडी घ्यायची आणि सही घ्यायची, "तुला काय कमी आहे सासरी" म्हणायचं. तिनं मनापासून सोडलं तर तिचा अधिकार, पण तिला माहितीच नसताना किंवा भिडेला घालून सही घेणं म्हणजे दहावी आज्ञा, लोभ धरू नको. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा-मुलगी असा फरक करत नाही, मृत्युपत्र नसेल तर मुलांना सारखा वाटा. आणि त्याच्याही कितीतरी आधी गणना २७ मध्ये सलाफहादाच्या मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला वतन द्या म्हणाल्या, आणि देव म्हणाला त्यांचं म्हणणं बरोबर आहे. हा उतारा कुटुंब प्रार्थनेत कुणी फारसा वाचत नाही, का वाचत नाही ते तुम्हीच बघा.

करायचं कसं? मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्षात घ्या, तुझ्या मनात त्याच्याविषयी काही आहे असं नाही म्हटलेलं, त्याच्या मनात तुझ्याविषयी. म्हणजे चूक आपली असण्याची शक्यता धरूनच जायचं.

एकट्यानं जा. सोबत चार माणसं नेली की पंचायत होते. रात्री जेवणानंतर जा, सकाळच्या घाईत कुणी ऐकत नाही. बोलायला सुरुवात "तुझंबी चुकलं, माझंबी चुकलं" अशी करू नका, त्यातला पहिला भाग घरी ठेवून या. "बांध माझ्याकडनं सरकलाय, सरकारी मोजणी करून घेऊया, फी मी भरतो, निघेल ते मागं घेतो" एवढं बोला आणि गप्प बसा. त्यानं शिव्या घातल्या तर ऐकून घ्या, बऱ्याच वर्षांच्या साठलेल्या असतात. बहिणीचा विषय असेल तर तिला एकटीला भेटा, भावजय-मेव्हणे नकोत, आणि कागद घेऊन जाऊ नका, आधी फक्त विचारा तिला काय पाहिजे.

समेट म्हणजे आपल्या हक्काचं पण सोडून द्यायचं असं नाही, खरं तेवढं ज्याचं त्याला. समोरच्यानं हात पुढं केला नाही तरी तुमचं पाळून झालं. रोमकरांस १२:१८ मध्ये पौल म्हणतो तुमच्याकडून होईल तितकं करा, त्याच्या पलीकडचं तुमच्या हातात नाही.

जमीन जाते, हे खरंय. दोन-चार गुंठे हातातून जातात, घरात बोलणी बसतात. जकातदार जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेलं चौपट परत केलं, पण लूक १९ नीट वाचा, येशूला घरात घेताना तो आधीच आनंदानं घेतो, पैसे परत करायची गोष्ट मागनं येते. येशू घरात आल्यावर जमिनीची पकड सुटते. पकड सुटल्याशिवाय येशूला बोलवत नाही असं म्हटलात तर जन्म जाईल.

सहावी पायरी: ताकद मागा

ही छोटी आहे. फिलिप्पैकरांस २:१३ म्हणते इच्छा करणं आणि काम करणं दोन्ही देवच तुमच्यात घडवतो. इच्छा पण! म्हणजे "प्रभू, मला हे करावंसंच वाटत नाही, वाटायला लाव" ही प्रार्थना चालते, चांगली चालते. गलतीकरांस ५:२२ मध्ये आनंद हे आत्म्याचं फळ आहे असं लिहिलंय, ते ओढून काढता येत नाही, मागता येतं. हे पत्र फिलिप्पैकरांस, ज्यात आनंद करा आनंद करा असं सारखं येतं, ते पौलानं तुरुंगातून लिहिलंय हेही जाता जाता ध्यानात असू द्या.

सातवी पायरी: खा, गा, डबा पाठवा

नहेम्याचा ८ वा अध्याय माझा आवडता आहे. एज्रा लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो, लेवी समजावून सांगतात, आणि लोक रडायला लागतात, कारण आपण किती चुकलोय ते कळतं. आपल्याकडं असतं तर म्हटलं असतं रडू दे, पश्चात्ताप होतोय. तिथं त्यांना सांगितलं, रडू नका, घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलं नाही त्यांना वाटा पाठवा, परमेश्वराचा आनंद हीच तुमची ताकद आहे. आणि १२ वी ओवी सांगते लोक गेले, खाल्लं-प्यायले, वाटे पाठवले, मोठा आनंद केला, कारण सांगितलेलं त्यांना समजलं होतं.

तेव्हा रविवारी उपासनेवरून आल्यावर घरी मटण शिजत असेलच, एक डबा जास्तीचा भरा. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी असेल, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंट घेऊन आलेलं खेड्यातलं कुटुंब असेल, होस्टेलवरचं पोरगं असेल. रस्सा वेगळ्या डब्यात द्या, सांडतो. घरातल्या मुलांना डबा द्यायला पाठवा, आज्ञा म्हणजे काय हे त्यांना संडे स्कूलच्या तक्त्यापेक्षा त्यात लवकर कळतं.

गाण्याचं पण तसंच. ११९:५४ मध्ये तुझे नियम माझी गाणी झाली असं आहे. ना. वा. टिळकांनी (१८६१ ते १९१९) अभंगाच्या, भजनाच्या चालीत आपल्याला गाणी देऊन ठेवलीत, टाळ घ्या आणि म्हणा, इंग्रजी कोरस गिटारवर आलाच पाहिजे असं काही नाही. स्वयंपाक करताना, गाडीवरून जाताना, जनावरांच्या धारा काढताना. सूर नसला तरी म्हशीची तक्रार नसते.

आठवी पायरी: घसरलात तर, आणि काहीच वाटत नसेल तर

घसरणार. ११९ व्या स्तोत्राची शेवटची ओवी, १७६ वी, काय आहे बघा. एवढ्या १७५ ओव्या आज्ञांचं कौतुक करून झाल्यावर तो म्हणतो मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, तुझ्या दासाला शोध. मला हे फार दिलासा देणारं वाटतं, कारण आज्ञांवर एवढी प्रीती करणाराही भटकतो आणि भटकल्यावर परत त्याच देवाला हाक मारतो. त्याच दिवशी कबूल करा, १ योहान १:९ त्यासाठीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच आज्ञेपासून परत सुरू करा. पुढच्या रविवारची वाट बघत "आता हा आठवडा गेलाच" म्हणून उरलेले दिवस घालवू नका. आणि कृपाच आहे तर मग काय झालं असंही मनात आणू नका, रोमकरांस ६ च्या पहिल्याच दोन ओव्यांत पौलानं तो दरवाजा बंद केलाय.

कधी कधी सगळं नीट पाळूनही आत कोरडं असतंय. इब्री १२:११ म्हणते शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, फळ मागनं येतं. पौल तीमथ्याला सुभक्तीची कसरत कर म्हणतो, आणि कसरत काय असते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, तालमीतल्या नव्या पोराला पहिले पंधरा दिवस जिना उतरता येत नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूचा जीव कासावीस झाला होता, तिथं तो हसत नव्हता, तरी त्याच्याइतकं आज्ञापालन कुणाचं नाही. त्यामुळं हसरा चेहरा म्हणजे आज्ञापालन असं समजून तो चेहरा लावून फिरू नका.

पण झोप उडालीय, भूक मेलीय, कशातच रस नाही, जगणं नको वाटतंय असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर तो आज्ञापालनाचा प्रश्न धरू नका. डॉक्टरकडं जा, मानसोपचाराच्या डॉक्टरकडं. मिशनच्या लोकांनी मिरजेला, कोल्हापूरला दवाखाने काढले ते काय प्रार्थना कमी पडली म्हणून नव्हे. गोळ्या घ्या आणि प्रार्थना पण चालू ठेवा.

नववी पायरी: एक माणूस धरा

एकट्यानं हे होत नाही, म्हणजे महिनाभर होतं. चर्चमधला एकच माणूस निवडा, बायकांनी बाई, पुरुषांनी पुरुष. फार गोड बोलणारा नको आणि सगळ्यांच्या बातम्या ठेवणारा तर अजिबात नको. शक्यतो वयानं मोठा, ज्याच्या घरात बायकापोरं त्याला घाबरत नाहीत असा, ती सगळ्यात चांगली परीक्षा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, रंकाळ्यावर चालत चालत बोला, समोरासमोर बसलं की इंटरव्ह्यू होतो.

तीन गोष्टी बोलायच्या: ह्या आठवड्याची आज्ञा कुठली होती, कुठं जमलं-कुठं नाही, आणि त्यात देवाबद्दल काय कळलं. तिसरं विसरू नका, पहिल्या दोनवरच थांबलात तर ते हजेरी घेणं होतं आणि दोघंही चार आठवड्यांत कारणं सांगायला लागता. त्याचंही ऐका, तो पण माणूसच आहे. शेवटी एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना, उघड्या डोळ्यांनी, चालताना डोळे मिटू नका.

मग पुढची आज्ञा ठरवा. दूध संस्थेची बसली असेल तर तिला सोडू नका, तिच्या बाजूला दुसरी घ्या. बांधाची किंवा बहिणीची घ्यायची असेल तर त्या माणसाला आधी सांगून घ्या, म्हणजे ज्या रात्री तुम्ही चुलतभावाच्या दारात जाल तेव्हा तो घरी बसून प्रार्थना करत असेल आणि परत आल्यावर कितीही वाजले तरी फोन उचलेल. असा कोण आहे ते सुचत नसेल तर रविवारी उपासना सुटल्यावर लगेच गाडीला किक मारू नका, पाच-दहा मिनिटं गेटपाशी थांबा, पायपुसण्यावर चपला नीट लावत बसलेला, सतरंज्या गुंडाळणारा कोण आहे बघा, आणि त्यालाच विचारा मंगळवारी संध्याकाळी रिकामा आहेस का म्हणून.